चार मतं

मुलीच्या लाल पेन्सिलीला टोक करताना लाकडाचा वास आला, की मला नेदरलँड्समधल्या आमच्या डीमन गावातली, मतदान केंद्र असलेली ती शाळेची जिम आठवते आणि मी उगाच उठून खिडकीपाशी जातो. समोरच्या फ्लॅटमधल्या मराठी काकू तेव्हा नगरपालिकेला तिसऱ्यांदा उभ्या होत्या. काकांच्या नोकरीपायी इकडे येण्याआधी त्या तालुक्याच्या कोर्टात न्यायाधीश होत्या. इथे उमेदवाराच्या नावापुढचा गोल लाल पेन्सिलीने रंगवायचा. चादरीएवढा कागद, रबरी मॅटचा वास, मागे रांग आणि माझी ट्राम चुकत होती. काकू पक्षाच्या यादीत सतराव्या. तिथवर कोण शोधत बसणार? आपल्याकडे चिन्हापुढचं बटण दाबलं की झालं, तसा मी पक्षाचा पहिलाच गोल रंगवला आणि पळालो. इथे मत त्या एका माणसाच्याच नावावर मोजतात, हे नंतर ऑफिसात कळलं. काकू पडल्या. त्या आठवड्यात त्यांनी चहाला बोलावलं. “मलाच दिलंस ना?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. त्यांनी निकालाचा कागद माझ्यापुढे सरकवला. “आपल्या केंद्रावर मला चार मतं आहेत. आम्ही घरातच चौघं मतदार.” मी कप पुढे केला. “साखर किती घालू?” त्यांनी त्याच आवाजात विचारलं. त्या पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. मी मात्र दर निवडणुकीला ती यादी शेवटपर्यंत वाचतो, त्यांचं नाव नाही हे माहीत असून.