ओठ उतण्याची वाट पाहणाऱ्यांना

कपाशीच्या पराटीवर पहिली अळी दिसली की तुम्ही काय करता? बोंडं सडेपर्यंत बांधावर बसून राहता?

नाही राहत. बोंडअळीने लागोपाठ हंगाम खाल्ले त्या वर्षांत आमच्या दर्यापूरकडे लोक फुलातच अळी शोधायचे आणि त्याच दिवशी फवारणीचा पंप पाठीवर घ्यायचे. हीच माणसं ओठावर ताप उतण्याची मात्र वाट बघतात. फोड आले की म्हणे आतली गरमी निघून जाते.

माझा ओठ दर उन्हाळ्यात असा उततो. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंनी मला बजावलं होतं की हा विषाणू आहे, गरमी नाही. ओठ चुरचुरला की लगेच गोळी सुरू करायची; फोड आल्यावर तिचा फारसा उपयोग नाही. तान्ह्या बाळाच्या मात्र हा विषाणू जिवावर बेतू शकतो.

भावाच्या मुलीच्या बारशाला अमरावतीहून निघाले, तेव्हा वलगाव ओलांडताच जीपमध्ये ओठ चुरचुरायला लागला. गोळ्या आणून ठेवल्या नव्हत्या, म्हणून दर्यापूरला उतरले ती सरळ औषधाच्या दुकानात गेले.

"फोड कुठाय?" दुकानदाराने विचारलं.

"अजून आला नाही. म्हणूनच आले."

"मंग आल्यावर या न. अन् चिठ्ठी आणजा."

चिठ्ठी मागणं बरोबर होतं. फोड मागणं नव्हतं. संध्याकाळ झाली होती, दवाखाने बंद.

घरी आईने माझ्या ओठाला लावायला बोटावर चुना घेतला. "उतू दे वं. दाबला त ताप डोक्यात जाते."

मी तोंड फिरवलं. सकाळी ओठाच्या कोपऱ्यावर पाण्याने भरलेल्या फोडांचा झुपका होता.

बारशात आत्याने बाळाच्या कानाशी तोंड नेऊन नाव सांगायचं असतं. पाळणा सजला, बाया जमल्या, आणि मी म्हणाले, "मी जवळ जाणार नाही."

"काहून?" काकी कडाडली. "अमरावतीले शिकून लेकराचा विटाळ व्हायले लागला का तुले?"

"ओठ उतला आहे, काकी. बाळाला लागेल."

"आमचे उतले नाई का? मेलं का कोणी?"

"नशीब तुमचं. तिच्यावर कशाला आजमावता?"

आई कुजबुजली, "चारचौघात तमाशा नको करू." भाऊ पंख्याकडे बघत होता. वाद घालणारे सगळे मोठे होते आणि जिच्या जिवाचा प्रश्न होता ती पाळण्यात झोपली होती.

तेव्हा वहिनी उठली. तिने पाळणा स्वतःकडे ओढला आणि म्हणाली, "ताई, तिथूनच सांगा. माझी पोरगी बहिरी नाही."

मी दारातून मोठ्याने नाव सांगितलं. काकी न जेवता गेली. जाऊ दे.

तुमचा ओठ वारंवार उतत असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. चिठ्ठी घ्या, गोळ्या आणून घरात ठेवा, आणि पहिल्या चुरचुरीलाच त्यांनी सांगितल्याप्रमाणे सुरू करा. गोळी घेतली तरी ओठ पूर्ण बरा होईपर्यंत कुणाच्याही बाळाजवळ तोंड नेऊ नका. काकी उपाशी गेली तरी चालेल.