टाकी लावलेला हातोडा

गाडीच्या पत्र्यावरचे पोचे काढायला मी हौसेने शिकले नाही, रागाने शिकले. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. परळची गिरणी बंद पडली तेव्हा आमचे हे तिथल्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. वर्षभर इकडेतिकडे हात मारून शेवटी साकीनाक्याला एका शेडमध्ये एक गाडी मावेल एवढी जागा त्यांनी मिळवली आणि डेंटिंग सुरू केलं. जागेला भिंत नव्हती, दार नव्हतं. एका बाजूला वेल्डिंगवाला, दुसऱ्या बाजूला गाद्या शिवणारा. पण गिरणी सुटल्यापासून गप्प झालेला माझा नवरा तिथे उभा राहिला की पुन्हा शिट्टी वाजवायचा, म्हणून मला ती जागा घरापेक्षाही प्यारी होती.

गणपती झाले आणि जॅक घसरून यांचं उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं. तिसऱ्या दिवशी शेडचा मालक घरी आला, चहा प्यायला, हाताची चौकशी केली आणि जाता जाता म्हणाला की जागेत एक गाडी अडकून पडली आहे, ती दसऱ्याच्या आत काम होऊन बाहेर गेली तर ठीक, नाहीतर गोवंडीचा एक मिस्त्री जागा मागतोच आहे. यांनी नुसती मान हलवली. माणूस हात मोडून बसलाय आणि हा चहा पिऊन जागा मागतोय, या विचाराने माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, गाडी दसऱ्याच्या आत जाईल. कशी जाईल ते मलाही ठाऊक नव्हतं.

गाडी मालाडच्या एका रिटायर्ड मास्तरांची. घरासमोरच्या माडावरून नारळ थेट बॉनेटवर पडला होता आणि मधोमध परातीएवढा खोलगट पोचा आला होता. मास्तर पूर्वी एकदा फसले होते. कुणीतरी पोचा तसाच ठेवून वर पुट्टी थापली, रंग मारला आणि पुढच्या पावसाळ्यात त्याचे पापुद्रे निघाले. तेव्हापासून ते खिशात लोहचुंबक घेऊन फिरायचे. रंगाखाली थेट पत्रा असेल तर चुंबक घट्ट बसतो, पुट्टीचा थर असेल तर सुटून पडतो. पुट्टी लावायची असेल तर गाडी परत नेतो, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेत सोडून मी यांच्याबरोबर शेडमध्ये गेले. डबा घेऊन रोज जायचेच, त्यामुळे हत्यारं ओळखीची होती. बॉनेट सोडवून पोत्यांवर ठेवलं. खालून डाव्या हाताने लोखंडी ठोकळा धरायचा आणि वरून हातोडा मारायचा. हे स्टुलावर बसून सांगत होते, मी मारत होते. शेजारचा वेल्डिंगवाला काही वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "वहिनी, भाकऱ्या थापताय का?"

"भाकरी थापायला अक्कल लागते," मी म्हटलं. "नुसतं ठोकून होत नाही."

तो हसला आणि आपल्या कामाला लागला. मी दुपारपर्यंत ठोकत राहिले. पोचा वर आला, हाताला सपाट लागायला लागला आणि मला असा चेव चढला की हातोडा खाली ठेववेना. कुठे बारीक खळगा दिसला की मार, उंचवटा दिसला की मार. मग मी मधोमध अंगठा दाबला. टक्. पत्रा आत गेला. अंगठा काढला. टक्. पत्रा वर आला. रिकाम्या तेलाच्या डब्याचं बूड करतं तसं.

"अगो, बस झाला," हे आपल्या मालवणीत म्हणाले. "पत्रो वाढलो."

घाव बसला की पत्रा पातळ होऊन पसरतो. मला वाटत होतं मी त्याला जागेवर बसवतेय, आणि प्रत्येक घावागणिक मी त्याला मोठा करत होते. वाढलेल्या पत्र्याला मावायला जागा नाही, म्हणून तो फुगत होता. हे कळलं तेव्हा मी यांच्यावरच उखडले. दोन तास स्टुलावर बसून बघत होता, मग थांबवलं का नाही? यांनी खाली बघितलं. तुला इतका हुरूप आला होता, असं काहीतरी पुटपुटले. मग प्लास्टरवरची धूळ झटकत खरं काय ते सांगितलं.

"माकापण ह्या कधी जमला नाय. मी पुट्टी भरतंय नि मोकळो होतंय."

गिरणीत यांनी जन्मभर जाड लोखंड सरळ केलं होतं. तिथे वाकलेलं दिसलं की सरळ होईपर्यंत मारायचं, एवढाच नियम. तोच हात पातळ पत्र्यावर चालवला की दर वेळी पत्रा फुगायचा आणि दर वेळी तो पुट्टीखाली झाकला जायचा. दोन वर्षांत मला त्याचा पत्ता नव्हता. मला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. पत्रा वाढतो तर तो आवळायचा कसा, एवढंच मी विचारलं.

ते यांना ऐकून माहीत होतं. फुगलेल्या जागी चार आण्याच्या नाण्याएवढा ठिपका वेल्डिंगच्या गॅसने तापवून लाल करायचा, भोवतीने हलके घाव घालायचे आणि ओलं फडकं दाबायचं. पत्रा आक्रसतो. पण हातोड्याचं तोंड गुळगुळीत असलं की मऊ झालेला पत्रा त्याच्याखालून घसरून बाहेरच पसरतो. त्यांनी पूर्वी करून बघितलं होतं आणि सोडून दिलं होतं.

त्याच आठवड्यात आमच्या चाळीत टाकी लावणारी बाई येऊन गेली होती. माझा पाटा वापरून वापरून इतका गुळगुळीत झाला होता की वाटण वरवंट्याखालून पळायचं. तिने छिन्नीने त्याच्यावर बारीक टोचे मारून दिले आणि त्या दिवसापासून खोबरं जागचं हलेना. मी म्हटलं, हातोड्याला टाकी लावूया. हे हसले. मी हसले नाही. मग तेही थांबले आणि कोपऱ्यातला जुना हातोडा डाव्या हाताने उचलून त्याचं तोंड बराच वेळ निरखत राहिले.

पोलादावर कानस चालत नाही, आधी ते मऊ करावं लागतं, हे फिटरचं ज्ञान. वेल्डिंगवाल्याने कुरकुर न करता हातोड्याचं तोंड लालभडक करून दिलं. ते राखेच्या डब्यात पुरून सकाळपर्यंत सावकाश निवू दिलं. दुसऱ्या दिवशी हातोडा शिकंज्यात धरून मी तिकोनी कानशीने उभ्या-आडव्या खाचा पाडल्या. दोन दिवस लागले. बोटांची सालं निघाली. हे प्रत्येक खाचेवरून नख फिरवायचे आणि ही उथळ आहे, ही वाकडी आहे, असं सांगायचे. मला त्यांचा वैताग यायचा, पण ऐकायचे. शेवटी पोलाद परत कडक व्हावं म्हणून हातोडा पुन्हा तापवून पाण्यात बुडवला आणि दांड्यावर चढवला.

मास्तरांच्या बॉनेटला मी लगेच हात लावला नाही. भंगारवाल्याकडून एक मोडका दरवाजा आणला आणि त्याच्यावर चार दिवस घालवले. पहिल्याच ठिपक्याला भोक पडलं. दुसऱ्याला पत्रा इतका आक्रसला की सुरकुती पडली. अंगठ्याला दोनदा भाजलं. चौथ्या दिवशी संध्याकाळी दरवाजा दाबला तर टक् झालं नाही. मी पुन्हा दाबला, मग यांना दाबायला लावला, मग वेल्डिंगवाल्यालाही बोलावलं.

बॉनेटवर एकूण अकरा ठिपके केले. एक ठिपका, घाव, फडकं, आणि मग पत्रा पूर्ण गार होईपर्यंत गप्प बसायचं. हे गप्प बसणं मला सगळ्यात जड गेलं.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मास्तर आले. रंग द्यायचा बाकी होता, पत्रा उघडाच होता. तरी त्यांनी चुंबक काढला आणि सबंध बॉनेटवर ठेवत गेले. मग तळवा टेकवून मधोमध जोर दिला. आवाज आला नाही. त्यांनी यांच्या प्लास्टरकडे बघितलं, माझ्या काळ्या बोटांकडे बघितलं आणि चुंबक खिशात टाकला. "बाई, रंग कधी देता?" एवढंच त्यांनी विचारलं, आणि तेही मला.

दुसऱ्या दिवशी दुपारी गाडी रंगवाल्याकडे गेली. जागा रिकामी झाली, आम्ही ती झाडली आणि हत्यारं पूजेला मांडली. यांनी डाव्या हाताने एकेक हत्यार पुसून ओळीने ठेवलं. माझा हातोडा मध्ये होता. तेवढ्यात मालक आला, पेढा घेतला आणि म्हणाला, गाडी गेली हे खरं, पण मिस्त्रीचा हात धड होईपर्यंत इथे काम कोण करणार? दिलेला शब्द तर आम्ही पाळला होता.

हे हळदकुंकू वाहत होते. त्यांनी मान वर केली.

"माझ्या हाताची वाट कशाला बघता, शेठ? मिस्त्री ही काय, तुमच्यासमोर उभी आहे."

मालक दुसरा पेढा उचलून निघून गेला. जागा राहिली. उरलेले पेढे मी चाळीत घरोघर वाटले, इतका आनंद झाला होता.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी एका टॅक्सीचा दरवाजा आला. हातोडा हातात घेतला तर खाचांत कुंकू गच्च बसलं होतं. ब्रशने घासलं तरी निघेना. हे म्हणाले, राहू दे. मी तसाच मारायला घेतला आणि पहिले काही घाव पत्र्यावर लाल उमटले.