मागच्या सीटवरची गोण

मोटारसायकल शिकवायची तर मागे वजन बांधून शिकवायची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आम्ही मिठागरातली माणसं. आमच्यात नव्या माणसाच्या डोक्यावर रिकामी पाटी कधी देत नसत. पहिल्या दिवसापासून भरलेली. रिकाम्या पाटीने मान चुकीचं शिकते, असं आमचा मुकादम म्हणायचा. तेव्हा सून गाडी शिकायला लागली तशी मी मिठाची एक गोण मागच्या सीटवर बांधली. त्यात मला काही वावगं वाटलं नाही.

सून म्हणजे माझ्या एकुलत्या मुलाची बायको. कर्जतकडची आहे. मुलगा जहाजावर असतो, वर्षातले बरेच महिने पाण्यावरच. माझी बायको मागच्या दिवाळीच्या आधी गेली. ताप आला, उतरला, परत आला, आणि एका सकाळी ती उठलीच नाही. तेव्हापासून पनवेलच्या खाली खाडीकडच्या आमच्या गावातल्या घरात मी आणि सून, दोघंच.

सुनेला द्रोणागिरीच्या बाजूला एका गोदामात काम लागलं. कामावर नेणारी बस गावात येत नाही आणि इतक्या सकाळी रिक्षाही मिळत नाही. मोटारसायकल दारात उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मला शिकवा."

मी नाही म्हणालो. त्या रस्त्याला कंटेनरचे ट्रेलर चालतात, एकामागे एक. सरळ सांगतो, मला भीती वाटली. हिला काही झालं तर मुलाला जहाजावर फोन करून सांगायला मीच उरणार, आणि त्यानंतर घरात बोलायला कुणी नाही.

"तुम्ही नाही शिकवलं तर दुसऱ्या कुणाकडून शिकेन," ती म्हणाली.

"मग माझ्याकडूनच शीक," मी म्हटलं. "पण मरणार नाहीस असं शीक."

आधी तिला पनवेलला घेऊन गेलो. दुकानदाराने एक गुलाबी हेल्मेट पुढे केलं. "काका, मॅडमना हे शोभून दिसेल. एकदम हलकं आहे."

"हिला वरातीत न्यायची नाय," मी म्हटलं. "पडल्यावर टिकेल ते दाखव."

हेल्मेट कसं बघायचं ते मला पडून पडून कळलेलं आहे. घातल्यावर गाल दाबले गेले पाहिजेत. मान झटकली की डोकं नि हेल्मेट एकत्र वळलं पाहिजे. पट्टा लावून मागून वर ओढलं तर ते निघता कामा नये. तोंड पूर्ण झाकणारंच घ्यायचं, कारण पडताना माणूस हनुवटीवर पडतो. मग जाड हातमोजे घेतले, कोपराला पॅड असलेलं जाकीट घेतलं, घोटा झाकणारे बूट घेतले. ओढणी बंद म्हणून सांगितलं. चपलेत गाडीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलं. ती हसली. म्हणाली, "बाबा, मी लढाईला चालले आहे का?"

"होय," मी म्हटलं.

शिकवायला जागा होती. खाडीच्या कडेने भराव टाकून सरकारने सेक्टर पाडून ठेवलेत. रस्ते आहेत, फुटपाथ आहेत, गटारांची झाकणं आहेत, सेक्टरचे आकडे लिहिलेले फलक आहेत. घर एकसुद्धा नाही. खांबावरचे दिवे भर दिवसा पेटलेले असतात. कुणासाठी, ते माहीत नाही. त्या भरावाखाली आमचं मिठागर आहे. कुठल्या खांबाखाली कुठला बांध गेला ते मला अजून सांगता येतं, आणि रस्त्याच्या कडेला मातीतून अजून पांढरं फुटतं. थंडीत सकाळी तिथे खाडीचं धुकं येऊन बसतं. त्यात आपलाच आवाज जरा उशिरा ऐकू येतो.

गोण बांधायला दोर घेतला तर सीट कापते. म्हणून बायकोची एक विटलेली हिरवी साडी पीळ देऊन घेतली. तेराव्याला चांगल्या साड्या वाटून झाल्या होत्या, ही तेवढी राहिली होती. तिचं हेल्मेटही राहिलं होतं. नातेवाइकांनी बाकी सगळं नेलं, पण डोक्यावरची वस्तू कुणी उचलली नाही. ते मी गोणीच्या तोंडावर चढवलं आणि पट्टा आवळला. सुनेला म्हटलं, "मागे कुणीही बसो, त्याच्या डोक्यावर हे असल्याशिवाय गाडी चालू करायची नाही." एवढ्याच कारणाने चढवलं. दुसरं काही मनात नव्हतं.

ती थोडा वेळ बघत राहिली. "बाबा, हे बरं दिसत नाही."

"त्याच्याकडे बघू नकोस. पुढे बघ."

ती लवकर शिकली. जिकडे जायचं तिकडे बघायचं, खड्ड्याकडे बघशील तर खड्ड्यातच जाशील. ट्रेलरच्या आरशात ड्रायव्हरचं तोंड दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस. वळण येण्याआधी वेग कमी, वळणात ब्रेक नाही. हे मी फुटपाथवर उभा राहून ओरडायचो आणि ती फेऱ्या मारायची. धुक्यातून आधी दिवा यायचा, मग ती, मग तिच्या मागे हिरवी साडी नेसून बसलेली ती दुसरी. मला माहीत होतं ती गोण आहे. मीच बांधली होती. तरी दर फेरीला मी आधी मागे बघायचो आणि नंतर सुनेकडे.

मीठ हवेतलं पाणी ओढतं. धुक्याच्या सकाळी गोण जड व्हायची. गाडी स्टँडवरून काढताना सून म्हणायची, "आज जास्त आहे." ऊन पडलं की हलकी व्हायची. यात नवल काही नाही, जन्मभर मीठ उचललंय मी.

नवल पुढे झालं. आमच्या शेजारी एक म्हातारी आहे, मोतीबिंदू झालेली, दारात बसून असते. आम्ही परत आलो तेव्हा मी गाडी ढकलत होतो आणि सून पुढे गेली होती. म्हातारीने विचारलं, "सासू-सुना दोघी सकालीच कुठं गेल्या होत्या रं?"

"म्हातारे, सासू मेली. तू रडाला आलेली."

"ते मला ठाव हाय," ती म्हणाली. "मंग आता जाताना मला हात कुनी केला?"

"सुनेनं केला असंल."

"सुनेचे हात दांड्यावर होते. तेवढं मला दिसतं."

तिला मोतीबिंदू आहे, हे मी परत सांगतो. मी घरात गेलो.

त्यानंतर दोन-चार दिवसांनी सून गाडी थांबवून माझ्याजवळ आली. हेल्मेटची काच वर केली. "बाबा, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"त्या पलीकडच्या वळणावर ती माझ्या आधी झुकते."

"ती कोण?"

"गोण," ती म्हणाली. पण जरा थांबून म्हणाली.

मी तिला उतरवलं आणि स्वतः बसून फेरी मारली. पलीकडचं वळण म्हणजे जुना मोठा बांध जिथे संपायचा ती जागा. आम्ही नवरा-बायको लग्नानंतर पहिल्यांदा गाडीवर फिरलो ते त्या बांधावरून. ती एका बाजूला पाय सोडून बसायची, आणि वळण आलं की माझ्या आधी आतल्या अंगाला कलायची, कारण तिला रस्ता माझ्याइतकाच पाठ होता. मी वळणाजवळ गेलो. हँडल अजून सरळ होतं. पाठीमागचं वजन आतल्या अंगाला गेलं.

मी गाडी थांबवली. साडीची गाठ बघितली. घट्ट होती. गोण मधोमध होती. मी गाठ सोडून परत बांधली आणि येऊन सुनेला म्हटलं, "गाठ सैल होती."

तिने माझ्याकडे बघितलं आणि काच खाली ओढली.

तिला गाडी येऊ लागली होती. कामावर जायचा दिवस जवळ आला. ती रोज म्हणायची, आता गोण काढू, आणि मी म्हणायचो, अजून हात बसू दे. एकदा ती चिडली. "बाबा, मी गोदामात गोण घेऊन जाणार आहे का? का तुम्हालाच ती काढवत नाही?"

मी साडी सोडली. गोण उतरवून फुटपाथवर ठेवली. वाटलं आडवी पडेल, पण पडली नाही. ओलं-सुकं होऊन मीठ आत दगडासारखं धरलं होतं, सीटच्या आकाराचं. ती तशीच बसून राहिली, डोक्यावर हेल्मेट, तोंड रस्त्याकडे. मी तिच्या शेजारी उभा राहिलो. सून एकटी निघाली.

धुकं होतं. दुसऱ्या फेरीला तिचा दिवा वळणावर दिसला आणि झुडपातून एक कोल्हा रस्त्यावर आला. आमच्या खाडीत आहेत अजून. तो रस्त्याच्या मधे उभा राहिला आणि माझ्या दिशेने बघत राहिला, गाडीच्या नाही. सुनेने ब्रेक दाबला. मागचं चाक किंचाळलं, गाडी आडवी झाली, आणि मग काहीच आवाज नाही.

मी धावलो. या वयात धावणं कसलं, पण धावलो. ती कुशीवर पडली होती. त्या चार पावलांत मनात माझा जहाजावरचा फोन लावून झाला होता, मुलगा काय म्हणाला तेही ऐकून झालं होतं. तेवढ्यात ती उठून बसली. हेल्मेटला हनुवटीपाशी खोल ओरखडा. एक हातमोजा तळव्यावर फाटून गेलेला, आतला तळवा शाबूत. जाकिटाच्या कोपराचं पॅड उघडं पडलं होतं. तिने हातपाय हलवून बघितले. कोल्हा नव्हता.

"बाबा," ती म्हणाली, "मी रोजच्यासारखाच ब्रेक दाबला. रोज गाडी थांबते."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मागे वजन असलं की मागचं चाक रस्त्याला दाबून धरलेलं असतं, पायाचा ब्रेक कितीही दाबा, गाडी ऐकते. मागे कुणी नसलं की तेच चाक हलकं होतं आणि तेवढ्याच दाबाने अडकून घसरतं. तिच्या पायाला माझी गोण ठाऊक होती. रिकामी सीट ठाऊकच नव्हती. मी तिला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही मला दोघींची गाडी शिकवलीत. एकटीची शिकवलीच नाही."

त्याच दिवशी मी गोण फोडली. पहार मारावी लागली. मीठ खाडीत टाकलं. बायकोचं हेल्मेट आणि सुनेचं आपटलेलं हेल्मेट, दोन्हीचे पट्टे कापले, म्हणजे कुणी उचलून घालायला नको. एकदा आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसतं, पण आतून मेलेलं असतं. सुनेला नवं आणलं.

दुसऱ्या दिवशी वाटलं होतं ती घाबरेल. तिने गाडी रस्त्यावर लावली, माझं हेल्मेट माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मागे बसा."

"मी?"

"तुम्ही बसा, मग उतरा, मग परत बसा. मला दोन्ही कळलं पाहिजे."

मी जन्मात कधी कुणाच्या मागे बसलो नव्हतो. मागून काहीच दिसत नाही, हे मला माहीत नव्हतं. फक्त पुढच्याचं हेल्मेट दिसतं, आणि बाजूने जमीन पळते. कधी थांबणार, कधी वळणार, सगळं दुसऱ्याच्या हातात. त्या वळणावर मी आखडलो.

"बाबा, उलटं वजन देऊ नका," ती ओरडली. "माझ्याबरोबर झुका."

झुकलो. उतरलो, ती एकटी गेली, पुढचा ब्रेक हळूहळू नि मागचा नुसता टेकवून थांबली, परत आली, मी बसलो. ऊन तापेपर्यंत हेच केलं. मी खाली उभा असताना ती एकटी वळणावर गेली तेव्हा मी बघितलं. सीट रिकामी होती. नुसती सीट.

कामाच्या पहिल्या सकाळी मी हमरस्त्यापर्यंत चालत गेलो. ती गावातून गाडीवर आली, रस्त्याच्या तोंडाशी थांबली, पाय टेकला. दोन ट्रेलर जाऊ दिले. तिसऱ्याच्या ड्रायव्हरकडे मान वर करून बघितलं, त्याने वेग कमी केला, मग ती निघाली. बाकीच्या आवाजात तिचा आवाज मिसळेपर्यंत मी ऐकत होतो.

पुढे बऱ्याच वेळाने फोन वाजला. "पोचले."

"आवाज असा काय येतोय?"

"हेल्मेट अजून काढलं नाही."

"मग काढ आधी."

ती हसली. "बाबा, तुम्ही अजून रस्त्यावरच उभे आहात का?"

"नाही," मी म्हटलं. "घरी आलो कधीच."

उभा रस्त्यावरच होतो. धुकं विरत होतं. मोटारसायकली जात होत्या, आणि मी प्रत्येकीच्या मागच्या सीटकडे बघत होतो.