नाचाखालचे तक्ते

स्पेनमधल्या कोर्दोबात उन्हाळ्याचे कार्यक्रम सुरू व्हायच्या चार दिवस आधी बेनिग्नो मिस्त्री जुन्या मठाच्या अंगणात यायचा, गुडघ्यांना फोमचे तुकडे बांधायचा आणि दगडी फरशीवर ओणवा व्हायचा. तो पुन्हा ताठ उभा राहतो तो एकदम सप्टेंबरात, असं त्याची बायको फुएनसांता म्हणायची. तिच्या बोलण्यात तिखटमीठ असायचं, पण ते फार नसायचं.

जून ते ऑगस्ट त्या अंगणात आज नाटक, उद्या नाच, परवा पुन्हा नाटक. नाटकवाल्यांना कसलीही जमीन चालते. नाचणाऱ्यांना चालत नाही. टाच पडली की आवाज लाकडातून वर यायला हवा, म्हणून खाली पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये पोकळी आणि वर प्लायचे चौऱ्याऐंशी तक्ते. नाच असला की सकाळी ते घालायचे, दुसऱ्या दिवशी उचलायचे. बेनिग्नोने हे एकतीस उन्हाळे केलं.

मी त्याच अंगणात दिव्यांचं काम करायचो. तो जमिनीवर, मी खांबावर, त्यामुळे मला आठवतो तो बहुतेक वरून दिसलेला बेनिग्नो: घामाने काळी पडलेली पाठ आणि डोक्यावर मधोमध टक्कल. पहाटे सहाला सुरुवात, अकराच्या आत सावली संपायची, मग घरी. थंड टोमॅटोचं दाट सार, त्यावर कुस्करलेलं अंडं, आणि खिडक्या लावून झोप. झोप लागत नसे, नुसतं पडायचं. बाहेर चव्वेचाळीस अंश. संध्याकाळी परत यायचं, कारण दिवसभर तापलेलं लाकूड काय करेल याचा नेम नसतो. एकेक तक्त्यावर तो बुटाची टाच आपटायचा आणि मान कलती करून ऐकायचा. आवाज दबका आला तर म्हणायचा, हा बहिरा आहे, आणि पुन्हा ओणवा व्हायचा. डॉक्टरने त्याला सांगून टाकलं होतं की गुडघ्यात आता काही शिल्लक नाही. निवृत्तीला दोन वर्षं बाकी होती. तो कुरकुर करत नसे. कुरकुर करायलाही अंगात काही लागतं.

अरासेलीला तो ती पंधरा वर्षांची असल्यापासून ओळखत होता. पहिल्यांदा नाचायला आली तेव्हा ती भल्या सकाळी, आईला न सांगता अंगणात आली आणि त्याला विचारू लागली, मिस्त्री, सगळ्यात चांगला वाजणारा तक्ता कुठला? त्याने मधल्या रांगेतले तीन दाखवले. पुढची तेवीस वर्षं ती प्रत्येक उन्हाळ्यात नाचली. नाव झालं, फलकावर चेहरा आला, पण सकाळी येऊन विचारायची सवय तिने मोडली नाही. तेवढ्या पाच मिनिटांवर बेनिग्नोचा महिना निघायचा, असं मला वाटतं. त्याने तसं कधी बोलून दाखवलं नाही.

ज्या ऑगस्टची ही गोष्ट, त्या ऑगस्टमध्ये एका दुपारी वादळ आलं. वीस मिनिटं धो धो पाऊस, लगेच ऊन. तक्ते घातलेले होते आणि रात्री अरासेलीचा नाच होता. बेनिग्नोने पाणी पुसून काढलं, टाचेने सगळे तपासले. एक तक्ता कडेला फुगला होता. जाड नाण्याएवढी कड वर आली होती. तो बदलायला हवा होता, आणि जादाचे तक्ते शहराबाहेरच्या गोदामात होते. त्याने कार्यक्रम भरवणाऱ्या किंतीन बाएनाला जाऊन सांगितलं. किंतीनला त्या संध्याकाळी दहा कामं होती. तो म्हणाला, रंधा मार, काळी चिकटपट्टी लाव, वरून कोणाला दिसतंय. बेनिग्नो क्षणभर उभा राहिला. मग त्याने रंधा मारला आणि पट्टी लावली.

नाचाला वीसएक मिनिटं झाली असतील. एका गिरकीत अरासेली पडली. मी खांबावरून बघत होतो आणि तरीही मला सांगता येणार नाही की पाय पट्टीवर अडकला की आधीच घसरला. ती त्या तक्त्यापासून दोन पावलांवर पडली होती. घोटा दोन ठिकाणी मोडला. प्रेक्षक उठून उभे राहिले, तिला उचलून नेलं. बेनिग्नो कडेला उभा होता, हातात स्क्रू ड्रायव्हर. तो त्याने का घेतला होता कोण जाणे.

चौकशी झाली नाही. नाचणारी माणसं पडतात, असंच सगळ्यांनी धरलं. किंतीन पुढच्या कार्यक्रमाच्या मागे लागला. बेनिग्नोने तो तक्ता दुसऱ्या दिवशी वेगळा काढला आणि आपल्या घराच्या गच्चीवर नेऊन ठेवला. फुएनसांताने विचारलं की हे काय आता घरात आणायला लागलास, तर म्हणाला, असू दे. हिवाळाभर तो तिथेच होता. त्याला झोप लागेनाशी झाली. तो उठून स्वयंपाकघरात बसायचा आणि ती मागून ओरडायची की एक तर झोप नाहीतर मला तरी झोपू दे, दोघांनी मिळून जागायला आपलं नवीन लग्न झालेलं नाही.

अरासेलीचा घोटा जुळला पण पूर्वीसारखा झाला नाही. नदीपलीकडच्या वस्तीत तिने एक जुनी खोली घेतली आणि लहान मुलींना शिकवू लागली. हे आम्हाला कळलं बारमध्ये. एप्रिलमधली सकाळ, आम्ही कॉफी घेत होतो आणि शेजारी कुणीतरी बोलत होतं, की ती शेवटी शेवटी मेहनत करतच नव्हती, फिरून फिरून नुसती मिरवायची, पडणार नाही तर काय. बेनिग्नोने कप खाली ठेवला. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "तुझी गाडी शनिवारी मोकळी आहे का?"

शनिवारी आम्ही पूल ओलांडून गेलो. पूर्वी ती खोली शिंप्याचं दुकान असावी. भिंतीला लांब आरसा, खाली गुळगुळीत फरशी. आठ-दहा मुली नुकत्याच निघून गेल्या होत्या आणि अरासेली खुर्चीवर बसून घोट्याला बर्फाची पिशवी लावत होती. तिने आम्हाला पाहिलं आणि हसली. उठायला गेली, बेनिग्नोने हातानेच बस म्हटलं. तो स्वतः मात्र उभाच राहिला. खाली बसलं तर उठता येत नाही, एवढंच त्याचं कारण असेल.

त्याने फार पाल्हाळ लावलं नाही. पाऊस आला, तक्ता फुगला, मी सांगितलं, नवीन मिळाला नाही, मी पट्टी लावली. एका दमात सगळं.

"किंतीनने लाव म्हटलं?" तिने विचारलं.

"म्हटलं."

"आणि तुम्ही लावलीत."

"मी लावली."

तिने बर्फाची पिशवी घोट्यावरून काढून बाजूला ठेवली. मला वाटलं आता रडेल किंवा शिव्या देईल. तिने दोन्हीतलं काही केलं नाही. आवाज न चढवता बोलली, जसं मुलींना चूक समजावून सांगावी तसं.

"मिस्त्री, त्या दिवशी मी दोन रात्रींच्या प्रवासातून आले होते. तीन तास झोपले होते. पहिल्या गिरकीलाच मला कळलं की पाय उशिरा येतोय. आठ महिने मी स्वतःला तेच सांगतेय, की अरासेली, तू थकली होतीस, थांबायला हवं होतंस, थांबली नाहीस. मला ते पटायला सहा महिने गेले. आता कुठे त्या चुकीसोबत जेवायला बसता येतं. आणि तुम्ही आज मला एक तक्ता आणून देताय. तो मी कुठे ठेवू?"

बेनिग्नो म्हणाला, "लोक म्हणतात तू मेहनत सोडली होतीस. मला ते ऐकवत नाही."

"लोकांना मी काय सांगायचं ते मी बघीन. तुम्हाला ऐकवत नाही म्हणून तुम्ही आलात. हलकं व्हायला आलात." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "दादा, यांना घरी घेऊन जा. आज मला जास्त बोलवत नाही."

परतताना पुलावर गर्दी होती, गाडी पुढे सरकत नव्हती. बेनिग्नो खिडकीबाहेर बघत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "बरोबर बोलली." त्या रात्री तो झोपला की नाही हे मी विचारलं नाही. फुएनसांताने नंतर सांगितलं की त्याने गच्चीवरचा तक्ता करवतीने कापला, आणि कापताना अर्ध्या वाटेवर दम लागून तिथेच बसून राहिला. उरलेला तिने कापला.

जून आला. वस्तीतल्या मुलामुलींच्या कार्यक्रमासाठी एक संध्याकाळ ठेवली होती आणि यादीत अरासेलीकडे शिकणाऱ्या मुली होत्या. बेनिग्नोने यादी वाचली. कार्यक्रमाच्या दिवशी त्याने नेहमीपेक्षा एक तास आधी काम सुरू केलं. किंतीनला त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की जादाचे दहा तक्ते अंगणातच राहतील, नाहीतर दुसरा मिस्त्री बघ. किंतीन म्हणाला, म्हातारपणी नखरे सुचतात. पण तक्ते आले.

साडेनऊच्या सुमाराला अरासेली आली. काठी नव्हती, पण उतारावरून येताना एक पाय जपून टाकत होती. "नमस्कार, मिस्त्री," म्हणाली आणि नाचाचे बूट घालून तक्त्यांवर चढली. कोपऱ्यातून सुरुवात केली. एका तक्त्यावर उभं राहायचं, टाच मारायची, कडेवरून तळवा फिरवायचा, पुढे जायचं. बेनिग्नो तिच्यामागे गुडघ्यांवर सरकत होता. मी खांबावर होतो. मला माझं काम उरकायचं होतं पण मी नुसता बघत बसलो.

विसाव्या तक्त्यावर ती थांबली. "हा बहिरा आहे."

त्याने स्क्रू काढले, तक्ता उचलला, खालची पट्टी सरळ केली, परत बसवला. तिने टाच मारली, मान हलवली, पुढे गेली. असं पाच वेळा झालं. त्यातले दोन तक्ते मला तरी चांगले वाटत होते, पण त्याने हूं की चूं केलं नाही. चौऱ्याऐंशी तक्ते व्हायला दीड तास लागला. ऊन भिंतीवरून खाली उतरलं आणि अंगणभर पसरलं. शेवटच्या रांगेपर्यंत दोघंही इतके दमले होते की तीही एकेका तक्त्यानंतर कमरेवर हात ठेवून उभी राहायला लागली.

मग ती तक्त्यांच्या कडेला पाय सोडून बसली. बेनिग्नोला तिथे बसायला तिने हात दिला. त्याच्या डब्यात फुएनसांताने चिरून दिलेल्या कलिंगडाच्या गार फोडी होत्या. दोघांनी त्या खाल्ल्या, बिया फरशीवर टाकत. मी खाली उतरलो तेव्हा ती म्हणत होती, "मला अजून ठरवता आलेलं नाही."

"ठरवू नकोस," बेनिग्नो म्हणाला.

"तुम्हाला माफ केलं असं मी म्हणणार नाही."

"नको म्हणू. मी त्यासाठी आलो नव्हतो. म्हणजे आलो होतो. पण आता नको."

तिने एक फोड माझ्यापुढे केली. त्या विषयावर त्यांचं एवढंच बोलणं झालं, निदान माझ्यासमोर.

संध्याकाळी मुली नाचल्या. एक चुकली, एक रडली, बाकीच्या बऱ्या नाचल्या. कुणी पडलं नाही. त्या उन्हाळ्यात अरासेली आणखी तीनदा तक्ते तपासायला आली, आणि त्यातल्या दोन कार्यक्रमांत तिच्या मुलीही नव्हत्या.

ऑक्टोबरात बेनिग्नोच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, फेब्रुवारीत डाव्याचं. कामावर तो परत आला नाही. जमीन आता दुसरा माणूस घालतो, चांगला आहे, घाई करतो. गेल्या जुलैत फुएनसांता बेनिग्नोला पहिल्यांदाच प्रेक्षक म्हणून घेऊन आली. मुलांचा कार्यक्रम लवकर असतो, नऊ वाजता, अजून उजेड होता. तिसऱ्या रांगेत त्यांना खुर्च्या दिल्या होत्या. अरासेलीने पडद्याआडून त्यांना पाहिलं आणि मान डोलावली. गिटार सुरू झाली, मुली आल्या, टाचांचा आवाज अंगणभर उठला. मी खांबावरून तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. बेनिग्नोची हनुवटी छातीला टेकली होती. पहिला नाच संपायच्या आत त्याला गाढ झोप लागली होती. फुएनसांताने त्याला उठवलं नाही. तिने नुसती त्याच्या मांडीवरून सरकणारी काठी धरून ठेवली.