बहिरेपणाचा मुखवटा

त्या वर्षांत गुडगावात जिकडे तिकडे इमारती उठत होत्या आणि प्रत्येकीवर दृष्ट लागू नये म्हणून जीभ काढलेला काळा मुखवटा, नजरबट्टू, टांगलेला असे. फरीदाबादच्या कारखान्यात आम्ही शोभेच्या वस्तूंच्या रेझिनच्या नकला काढायचो. मी खरेदी बघायचो. एक बिल्डर मालकांना म्हणाला, "यार, नजरबट्टू में भी थोड़ी क्लास होनी चाहिए." मालकांनी मला हस्तकलेच्या मेळ्यात पाठवलं.

तिथे श्रीलंकेचं एक जोडपं होतं. तो मुखवटे कोरायचा, ती रंगवायची. विकाऊ मालामागे एक जुना मुखवटा होता, एका कानावरून नाग उतरलेला. हे बहिरेपणाचं भूत, त्याने तोडक्या हिंदीत सांगितलं. गावात कुणाचे कान गेले की त्याचे वडील हा घालून नाचत. आता तो नाचायचा. भुताला बोलवायचं, खाऊ घालायचं, चारचौघांत त्याची टिंगल करायची आणि मग जायला सांगायचं. परतल्यावर एका बाईसाठी नाचायचं होतं.

"मग दारावर नाही लावत?"

"आजार कोणी दारावर लावतं का, साहेब?" तो हसला.

फोटोसाठी म्हणून मी तो एका दिवसापुरता मागितला. तिने फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला. कारखान्यात आम्ही त्यावर साच्याचं रबर ओतलं. साचा सुटला तेव्हा नागाचा आणि अर्ध्या चेहऱ्याचा रंग सोलून निघाला होता.

दुसऱ्या दिवशी मी फडकं त्याच्यासमोर उघडलं. म्हणालो, "उघडला तेव्हाच असा होता. तुमच्या स्टॉलवर उन्हात राहिला असणार."

स्टॉल ती सांभाळायची. तो बराच वेळ मुखवट्यावरून बोट फिरवत राहिला. "रंग वडिलांच्या हातचा होता. आता हा घालता येणार नाही." मग तिच्याकडे वळून त्यांच्या भाषेत एकच वाक्य बोलला. ती माझ्याकडे पाहत राहिली. मी ड्रायव्हरला हाक मारली.

नकला उत्तम निघाल्या. कित्येक नव्या दारांवर लागल्या. घरी बायकोने विचारलं, "अहो, त्या माणसाचा मुखवटा दिलात ना परत?" दिला, म्हणालो.

त्यांचा स्टॉल कडुनिंबाखाली होता. तिथे दिवसभर ऊन येत नसे. हे तिला ठाऊक होतं, आणि मलाही.