लक्ष्मणने पास केलेला गाळ

लक्ष्मण गेल्याचा फोन आला तेव्हा मी इचोड्यातल्या माझ्या दुकानात पालकाच्या जुड्यांवर पाणी मारत होतो. पाणी मारणं थांबवलं नाही... का, ते आजही सांगता येत नाही. आम्ही एका गावचे, एका वर्गातले. पुढे तो भाजी पिकवू लागला आणि मी विकू लागलो. त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले.

गावात लक्ष्मणच्या जिभेला मान होता. तलावाचा गाळ शेतात टाकायचा तर आधी तो चिमूटभर जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि थुंकून सांगायचा, "खारट नाई. न्या." मग गाड्या लागायच्या. मी चिडवायचो, की वहिनींचं वरण कधी एवढं मन लावून चाखलं असतंस तर त्यांनी तुला डोक्यावर घेतलं असतं. तीन वर्षांपूर्वी तलाव उपसला तेव्हाही गाळ त्यानंच पास केला, आणि तळाचा काळाभोर गाळ साऱ्या मळ्यांत पसरला. तलावाच्या वरच्या अंगाला कधीकाळी ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची एक शेड होती. ती बंद पडली, मालक निघून गेला, आम्हीही विसरलो. जिभेला मीठ कळतं, शिसं कळत नाही.

त्याची भाची बासरच्या कॉलेजात शिकते. तिनं हट्टानं माती तपासून आणली आणि शिशाचे आकडे लिहिलेला कागद वाचून दाखवला. लक्ष्मण एवढंच म्हणाला, "मीच पास केला ना." त्यानंतर तो स्वस्थ बसला नाही. घरोघर जाऊन सांगायचा, गाळ खरवडून काढा, पालेभाजी लावू नका. लोक वैतागायचे, "काऊन डोकं खाऊन राह्यला, भाऊ? पीक तं मस्त येऊन राह्यलं!" पीक खरंच मस्त येत होतं, हेच तर वाईट. त्यानं दरखास्ती दिल्या. एका कचेरीत म्हणाले, तलाव साफ झाला, आमचं काम संपलं. दुसरीत म्हणाले, शेत तुमचं खासगी. शेवटी त्यानं स्वतःचा अर्धा एकर वीतभर खरवडला, एकट्यानं, दोन उन्हाळे. पण ती माती टाकायची कुठे? कोणी घेईना. मळ्याच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली ढीग घातला, तर त्याच्या बुडातून पाणी पुन्हा तलावाकडेच उतरू लागलं. एकदा मी रागावलो, "सोड ना आता. तुया एकट्यानं काय होनार हाये?"

"काईच नाई होनार," फावडं न थांबवता तो म्हणाला. "पन मंग मी बसू कसा, सांग?"



तेरवीचा मांडव त्याच खरवडलेल्या तुकड्यावर घातला होता. अख्ख्या शिवारात रिकामी जमीन तेवढीच. आजूबाजूच्या मळ्यांपेक्षा ती वीतभर खाली आहे, पाय ठेवला की कळतं. ज्यांनी त्याला वेड्यात काढलं त्यांनीच मायेनं टोपल्या भरभरून पालक आणला, अंबाडी आणली. पंगत बसली. त्याची बायको, सुमनवहिनी, वाढत वाढत माझ्यापर्यंत आल्या.

इथे एक कबूल करायला हवं. तो कागद आला त्या दिवसापासून आमच्या गावची भाजी मी माझ्या घरी नेलेली नाही. घरी बाहेरगावची नेतो, आणि दुकानात मात्र हीच विकतो. मला त्याची लाज वाटते, तरी विकतो. लक्ष्मणला हे ठाऊक होतं. तो त्याबद्दल कधी बोलला नाही, फक्त माझ्या दुकानाची पायरी चढायचा बंद झाला...

"भाऊजी, पालक वाढू का?" वहिनींनी विचारलं.

"वाढा," मी म्हणालो, आणि पत्रावळीवर पानही उरू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि तीच भाजी मांडली.