शेवटचे वीस बार

आमच्या इमारतीत मला सगळे सिस्टर म्हणतात. तीस वर्षं वॉर्डात काढली, त्यामुळे गोड बोलायची सवय गेली ती गेलीच. म्हणून आधीच सांगून टाकते, समोरच्या चंपाताई ओव्हाळांबद्दल मी जे लिहितेय त्यात कौतुक आहे तसा रागही आहे. राग जरा जास्तच.

चंपाताई म्हणजे येरवड्याच्या आमच्या गल्लीतला सगळ्यात खात्रीचा डबा. आठ-दहा मुलं त्यांच्याकडून दोन वेळचं जेवण नेतात. वजन चौऱ्याऐंशी किलो. हा आकडा मला माहीत आहे, कारण माझ्याच काट्यावर त्या उभ्या राहतात. उलट त्यांचे यजमान भीमराव. महापालिकेत कारकून होते, आता निवृत्त. पंखा पाचवर ठेवला तर धरून बसावं लागेल, एवढेच. या जोडीवर लोक काय काय बोलत असतील ते सांगायला नको. चंपाताईंनी त्यावर उपाय काढला होता. लोकांनी बोलायच्या आत आपणच स्वतःवर विनोद करायचा आणि सगळ्यांच्या आधी हसायचं. घरात कुणी नवीन माणूस आलं की चहा ठेवायच्या निमित्ताने त्या आत जात, त्या पाहुणा उठेपर्यंत बाहेर येत नसत.

त्यांची मुलगी आम्रपाली, आईची आंबी, कॉलेजात शिकते आणि एअर रायफल चालवते. दहा मीटरवरचं टिकली एवढं निशाण. दोन वर्षांपूर्वी तिने एका मोठ्या खेळाडूची वापरलेली रायफल घेतली. त्या रायफलीला पुढे हाताएवढी नळी असते, म्हणजे सिलिंडर. त्यात दाबलेली हवा भरायची, त्या हवेवर छर्रा सुटतो. रायफल आली, पण हवा कुठून आणायची? बाणेरजवळच्या तिच्या क्लबात तेव्हा बाहेरून एक मोठी टाकी यायची आणि ती दुपारपर्यंत रिकामी व्हायची.

भीमराव कारकून माणूस. त्यांनी या विषयाची रीतसर चौकशी केली. पहिल्यांदा गेले कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे. तो म्हणाला, "काका, गाडीच्या चाकात दोन-सव्वादोन बार हवा असते. तुम्ही दोनशे मागताय. चहा घ्या आणि घरी जा." मग कळलं की पाणबुड्यांची टाकी घरी ठेवता येते, पण ती भरायला परत कुणाच्या तरी दारात जायचं. घरगुती कॉम्प्रेसर मिळतो, पण त्याची किंमत ऐकून त्यांनी फोन हळूच खाली ठेवला. शेवटी उरला हातपंप. दिसायला सायकलच्या पंपाचा थोरला भाऊ, पण आत तीन टप्प्यांत हवा दाबणारा.

पंप आला तो रविवार होता. मी विरजण मागायला गेले होते. भीमराव बनियनवर, घामाने निथळत, पंप मारत होते. एकशे चाळीसपर्यंत काटा गेला आणि मग दांडा खाली येईना. ते दांड्यावर पोट टेकून लोंबकळले, पाय जमिनीवरून उचलले गेले, तरी पंप ढिम्म. आम्रपालीनेही जोर लावून पाहिला. तिचं वजन अठ्ठेचाळीस.

चंपाताई ओल्या हातांनी बाहेर आल्या. "सरका हो," म्हणाल्या. दोन्ही हात ताठ ठेवून त्यांनी दांडा धरला आणि नुसतं अंग सोडलं. दांडा खाली गेला. परत वर, परत खाली. मधे पंप तापू नये म्हणून थांबल्या, पाणी प्यायल्या, आणि काटा दोनशेवर नेऊन उभा केला. आम्रपालीने टाळ्या वाजवल्या. चंपाताईंना नेहमीप्रमाणे हसायचं होतं, पण या वेळी विनोद कसला करायचा तेच त्यांना सुचेना.

मग ते नित्याचं झालं. दर दोन दिवसांनी सिलिंडर घरी यायचा आणि चंपाताई तो भरायच्या. पंपात ओल शोषणारे मणी असतात, ते त्या बाद झालेल्या तव्यावर मंद आचेवर वाळवायच्या. क्लबातल्या पोरांचे आईबाप शिकायला येऊ लागले. हिंजवडीत नोकरी करणारा पुष्कर नावाचा एक तरुण आला. दंड हे असे, रोज जिम. एकशे साठला अडकला. चंपाताई त्याला ओरडल्या, "दंड नको लावू रे. अंग सोड. लाजू नकोस." मी तिथेच होते. तो शिकला.

मागच्या पावसाळ्यात त्यांची साखर निघाली. उपाशीपोटी दोनशे दहा. डॉक्टर म्हणाले, बारा किलो उतरवा, नाहीतर डोळे, पाय, मूत्रपिंड सगळं पणाला लागेल. खाण्याचा कागद मी स्वतः लिहून दिला. दिवाळीपर्यंत पाच किलो उतरले. मी खूश. त्यानंतर काटा परत वर चढू लागला, तो पुन्हा चौऱ्याऐंशीवर आला. विचारलं की "वय झालं, सिस्टर," एवढंच उत्तर.

गेल्या महिन्यात डाव्या पायाच्या अंगठ्याला विळीचा निसटता घाव लागला. तीन आठवडे झाले तरी भरेना. रोज ड्रेसिंग मीच करत होते. एका दुपारी जरा लवकर गेले, तर बाई ताटात भाताचा डोंगर घेऊन बसलेल्या. वर तूप. मी ताट ओढून घेतलं.

"सिस्टर, रागावू नका," त्या म्हणाल्या. "दिवाळीत पंप मारला तर एकशे ऐंशीच्या पुढे काटा हलेना. शेवटचे वीस बार माझ्या वजनावरच जायचे. पोरगी एकटीच घराबाहेर पडून काहीतरी करतेय. तिला अर्धी नळी देऊन पाठवू?"

"म्हणून पाय कापून द्यायचा?"

"आंबीला सांगू नका. शपथ आहे."

तीस वर्षांत पेशंटची गोष्ट मी बाहेर सांगितली नव्हती. त्या संध्याकाळी सांगितली. आम्रपालीला जिन्यातच अडवलं आणि भात, तूप, अंगठा, सगळं सांगून टाकलं. तिचा चेहरा उतरला. ती जिन्यावरच बसली.

"मावशी, क्लबात कॉम्प्रेसर आलाय," ती म्हणाली. "दिवाळीपासून. फुकट भरून देतात. अर्ध्या मिनिटात."

मला आधी कळलंच नाही. मग असा संताप आला की विचारू नका. त्याच दिवाळीपासून ही बाई वाढून घेऊन खात होती. मी आम्रपालीचा हात धरून तिला घरात नेलं आणि आईसमोर उभी केली. भीमराव पेपर वाचत होते, त्यांनी तो खाली ठेवला. आम्रपालीने सगळं सांगितलं. मॅचला साठ छर्रे लागतात, ते एकशे ऐंशीवरही आरामात सुटतात, हेसुद्धा.

चंपाताई मुलीकडे वळल्या. "मग रिकामा करून घरी का आणायचीस?"

"तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"तू पंप धरलास की अंग चोरून उभी राहत नाहीस, आई. लोक आले की दारात जातेस. तो पुष्कर आला तेव्हा तू त्याला ओरडलीस. मी तुला कधी कुणाला ओरडताना बघितलं नव्हतं." ती रडायला लागली. "मला वाटलं, ते बंद झालं तर तू परत आत जाशील."

मला दोघींचा राग आला होता आणि दोघींना जवळ घ्यावंसंही वाटत होतं.

चंपाताईंनी पदराने नाक पुसलं. "आणि मी बारीक झाले तर?" त्या हळूच म्हणाल्या. "मग कशाच्या जोरावर दारात उभी राहू?"

आम्रपाली रडतच होती. भीमराव मात्र उठले. एरवी हा माणूस दिवसाला चार वाक्यं बोलतो.

"दार आपलं आहे, चंपा," ते म्हणाले. "त्यात उभं राहायला वजन लागत नाही."

चंपाताई पहिल्यांदाच आमच्यासमोर रडल्या. मी खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याची पट्टी सोडायला लागले.